शेजारच्या सीटवरचे अध्यक्ष

टार्निटमध्ये शाळा भरायच्या वेळी कधी गाडी काढली असेल, तर यतिन चौबळच्या मागे तुम्ही एकदा तरी अडकला असाल. पांढरी छोटी गाडी, टपावर पिवळी पाटी, राउंडअबाउटच्या तोंडाशी ठाण मांडून उभी, आणि आत स्टिअरिंग गच्च आवळून बसलेली कुणी साताऱ्याची नाहीतर सुरतेची बाई. मागे हॉर्न सुरू. शेजारच्या सीटवर यतिन मात्र देवळाच्या कट्ट्यावर बसल्यासारखा निवांत. "वाजवू दे गं. घाई त्यांना आहे, तुला नाही. उजवीकडे बघ. गॅप आली? नाही ना? मग थांब. नो वरीज."

पश्चिम मेलबर्नच्या या नव्या वस्त्यांमध्ये गाडी न येणारा माणूस पांगळाच. स्टेशन आहे, पण तिथवर जायला गाडी लागते. गाडी नेली तर लावायला जागा नसते. जागा मिळावी म्हणून पहाटे निघावं, तर पहाटे बस नसते. पुण्यामुंबईत मोठमोठ्या टीम सांभाळलेल्या बायका नवऱ्याच्या व्हिसावर इथे येतात आणि दूध आणायलासुद्धा नवऱ्याची वाट बघत बसतात. मग त्यांच्या आयुष्यात यतिन चौबळ येतो, आणि काही महिन्यांनी त्याच बायका फ्रीवेवरून शंभरच्या स्पीडने ऑफिसला निघालेल्या दिसतात. हे यतिन स्वतःच सांगतो, आणि सांगताना छाती जरा पुढे काढतो. काढू दे. कमावलेली आहे ती छाती.

तो मूळचा डोंबिवलीचा. अकाउंटिंग शिकायला इथे आला. अकाउंटिंगने त्याला सोडलं की त्याने अकाउंटिंगला, यावर घरात अजून एकमत नाही. पुढे पेट्रोल पंप झाला, टॅक्सी झाली, इथे कायम राहायची परवानगी, पीआर, झाली, निहारिकाशी लग्न झालं, आणि टॅक्सीतल्या गिऱ्हाइकांना गप्पा मारता मारता रस्ते समजावून सांगायची सवय होतीच, तिचाच त्याने धंदा केला. डोंबिवलीत मात्र या सगळ्याचा अर्थ एकच निघाला: चौबळांचा यतिन ऑस्ट्रेलियाला जाऊन ड्रायव्हर झाला. त्याचे वडील, आप्पा, भेटेल त्याला सांगायचे, "चालवत नाही हो, शिकवतो." ऐकणारा मान डोलवायचा आणि विषय बदलायचा. ते मान डोलवणं आप्पांना लागायचं, आणि आप्पांना लागलेलं फोनमधून थेट यतिनला.

म्हणून 'उपसागर मराठी मंडळा'ने त्याला अध्यक्ष केलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद डोंबिवलीत झाला. गणेशोत्सवाच्या पत्रिकेवर 'अध्यक्ष : श्री. यतिन चौबळ' असं छापून आलं होतं. आप्पांनी ती पत्रिका लॅमिनेट करून शोकेसमध्ये ठेवली, चांदीच्या गणपतीच्या पुढे. गणपती तेव्हापासून जरासा झाकलाच जातो. दर रविवारी फोन आला की आप्पांचा पहिला शब्द, "काय अध्यक्ष!"

आणि अध्यक्ष म्हणून यतिन नुसता मिरवत नव्हता, हेही सांगायला हवं. शनिवारची मराठी शाळा त्याने उभी केली. काउन्सिलच्या मागे लागून कम्युनिटी हॉल मिळवला. विसर्जनाची परवानगी, ढोलाच्या आवाजाची शेजाऱ्यांची तक्रार, कुणाच्या आईला एअरपोर्टवर घ्यायला जायचंय, कुणाचं बाळंतपण एकटीने चाललंय, सगळीकडे यतिनदादा. हॉलमध्ये जमणाऱ्या निम्म्या लोकांना रिव्हर्स पार्किंग त्याने शिकवलेलं होतं, आणि ज्याने आपल्याला रिव्हर्स पार्किंग शिकवलं त्याला 'नाही' म्हणायला जीभ उचलत नाही.

त्याची शिकवायची एक पद्धत होती. गाडीत त्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, सगळ्याच इन्स्ट्रक्टरांच्या गाडीत असतो. पण शेवटच्या धड्याला यतिन विद्यार्थ्याला रविवारी गोदामांच्या ओस रस्त्यांवर नेतो, बूट काढतो, सीट मागे सरकवतो आणि पट्टा लावून चक्क मांडी घालून बसतो. म्हणजे माझा पाय आता ब्रेकवर नाही, जे काय करायचं ते तुझं तू. मंडळात 'दादांनी मांडी घातली' याचा अर्थ लहान पोरांनाही कळतो: आता हा माणूस पास होणार.

ही मांडी त्याला शिकवली मयूराने. मयूरा सामंत, पुण्याची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारी, पॉइंट कुकला राहणारी. गाडी छान चालवायची, फक्त ब्रेक दाबायची नाही. म्हणजे दाबायची, पण पाहुण्यांसमोर दार लावावं तशी हळूच. कारण यतिनच्या हातात नेहमी कॉफी. "दादा, तुमची कॉफी सांडेल ना." मग तिच्या आधी यतिनचाच पाय अलगद ब्रेकवर जायचा, गाडी गोड थांबायची, आणि दोघंही खूश. वेरिबीला लायसन्सच्या टेस्टमध्ये ती नापास झाली. पुन्हा नापास झाली. शेवटी तिनेच त्याला सुनावलं, "दादा, तुम्ही शेजारी असता तेव्हा मला येतं. तुम्ही नसता तेव्हा येत नाही. म्हणजे येत नाहीच ना?" त्या रविवारी यतिनने पहिल्यांदा मांडी घातली, आणि "दाब! कॉफी गेली उडत, करकचून दाब!" असं ओरडला. तिने दाबला. कॉफी त्याच्या शर्टावर, पँटवर, काचेवर. तो शर्ट त्याने फेकला नाही, निहारिकाने किती वेळा सांगितलं तरी.

आता मंडळाची वादसभा.

एका निवडणुकीच्या वर्षी भारतातल्या राजकारणावरून मंडळात असं काही जुंपलं, की एकाच गाडीने सिटीत जाणारे दोन जिवलग मित्र दोन गाड्यांनी जायला लागले, आणि दिवाळीचा फराळसुद्धा दोन ठिकाणी झाला. तेव्हा भारतातलं राजकारण बंद. मग ऑस्ट्रेलियातलं घेऊन पाहिलं, तर थोड्याच वेळात सगळ्यांचं एकमत झालं की कचऱ्याच्या डब्यांचं काहीतरी करायला हवं, आणि वाद तिथेच मेला. पण मराठी माणसं जमली आणि वाद नाही, हे कसं चालायचं? तोडगा काढला सुहासिनीताईंनी. त्या कोल्हापूरच्या नागरिकशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका, मुलाकडे, नचिकेतकडे राहायला आलेल्या. नचिकेत मंडळाचा सेक्रेटरी. ताई म्हणाल्या, "अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष घ्या. आपल्यापैकी कुणी त्यांच्या घरात मुलगी दिलेली नाही. आणि फक्त वारलेले घ्या, म्हणजे हयात असलेल्यांवरून डोकी फुटायला नकोत."

झालं. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, टार्निटच्या हॉलमध्ये, वॉशिंग्टन आणि लिंकन यांच्यावर मराठीतून वाद रंगायला लागला. लिंकनने युद्धाच्या काळात माणसांना खटल्याशिवाय तुरुंगात डांबलं, ते बरोबर की चूक, यावरून वेरिबीच्या एका नवराबायकोत आठवडाभर अबोला होता. निक्सनला कोर्टाने त्याच्या गुप्त बोलण्यांच्या टेप द्यायला लावल्या, हा विषय होता त्या दिवशी तर इतकी गर्दी झाली की लोक खिडकीबाहेर उभे. सभेचा नियम असा, की मध्ये चहा, आणि चहानंतर बाजूपालट. आधी ज्याची बाजू मांडली, आता तिच्याविरुद्ध बोलायचं, आणि मनापासून बोलायचं. जो उगाच ढिलं बोलेल त्याने पुढच्या सभेला सगळ्यांसाठी बटाटेवडे तळायचे. वेळ पाळायला सुहासिनीताई, हातात त्यांची आरतीची घंटा. वेळ संपली की घंटा. फक्त यतिन बोलत असला की ती घंटा वाजायची नाही. आपल्याला बासष्टाव्या वर्षी ज्याने गाडी शिकवली त्याच्यावर घंटा कशी वाजवायची, असं ताईंना वाटे.

या वर्षी यतिनची दुसरी मुदत संपत होती. मंडळाच्या घटनेत साफ लिहिलेलं, की अध्यक्ष लागोपाठ दोनच मुदती. नचिकेतने घटनादुरुस्ती आणली: ते कलम काढून टाकायचं. कुणाचा विरोध नव्हता. विरोध करायचा तर मग काम करायला लागलं असतं. मतदान पुढच्या रविवारी, वार्षिक सभेत.

यतिन वरवर "अरे, लोकांची इच्छा" म्हणायचा. पण खरं सांगायचं तर ते पद त्याला हवं होतं, अगदी पोटातून हवं होतं. शोकेसमधली ती पत्रिका त्याच्या डोळ्यांसमोर असायची. अध्यक्ष नसलेला यतिन म्हणजे पुन्हा 'चालवत नाही हो, शिकवतो.'

त्याची मुलगी अनुष्का यंदा नववीत. जेवताना तिने विचारलं, "सो बाबा, यू आर चेंजिंग द रूल सो यू कॅन स्टे?"

"मी नाही गं, मंडळ करतंय."

"बट इट्स फॉर यू." ती आमटी भुरकत म्हणाली. "दॅट्स अ बिट डॉजी."

"काय डॉजी? काळंबेरं काय आहे त्यात? सगळ्यांना हवंय." यतिन चिडला. निहारिकाने त्याच्या ताटात आणखी भात वाढला, आणि निहारिका न विचारता भात वाढते तेव्हा तिचं मत लेकीच्या बाजूने असतं.

अशा वेळी त्या महिन्याच्या वादसभेचा विषय ठरला : 'रूझवेल्ट तिसऱ्यांदा उभा राहिला ते योग्यच होतं.' विषय नचिकेतने मुद्दामच काढला होता, हवा तापवायला. बाजूने यतिन, विरोधात मयूरा.

यतिन त्या दुपारी जोरात होता. रूझवेल्ट आला तेव्हा बँका बुडत होत्या, त्याने काही दिवस सगळ्याच बँकांना कुलूप लावलं, रेडिओवर घरच्या माणसासारखं लोकांशी बोलला, आणि बँका उघडल्यावर तेच लोक पैसे परत भरायला रांगेत उभे राहिले. चाकाच्या खुर्चीतला माणूस, पण देश उभा केला. चाळीस साली फ्रान्स पडलेला, हिटलर दारात. "अशा वेळी," यतिनने हात पसरले, "चालत्या गाडीचा ड्रायव्हर बदलतात का कोणी? लोकांना तो हवा होता. चार वेळा निवडून दिला! लोकांपेक्षा कागद मोठा?"

टाळ्या पडल्या. टाळ्या रूझवेल्टला किती आणि यतिनला किती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. वेळ कधीच संपली होती. घंटा ताईंच्या मांडीवर गप्प.

मयूरा नीट तयारी करून आली होती. वॉशिंग्टनला लोक थांबा म्हणत होते तरी दोन मुदतींनंतर तो आपल्या शेतावर परत गेला. पुढे दीडशे वर्षं कसला कायदा नव्हता, तरी सगळ्यांनी तो पायंडा पाळला. रूझवेल्टचे कायदे कोर्टाने रद्द केले तेव्हा त्याने कोर्टात आपल्या मर्जीचे न्यायाधीश वाढवायचा घाट घातला, आणि त्याला अडवलं ते त्याच्याच पक्षाच्या लोकांनी. "आणि त्याच्याच सहीने," ती म्हणाली, "लाखाहून जास्त जपानी वंशाची माणसं घरादारातून उचलून छावण्यांत टाकली. बहुतेक तिथलेच नागरिक. लोकप्रिय होता ना, कोर्टानेसुद्धा..."

घंटा वाजली. अगदी वेळेवर.

मयूरा अर्ध्या वाक्यावर थांबली, ताईंकडे बघितलं आणि खाली बसली. ते यतिनच्या लक्षात आलं. पण तेवढ्यात चहा आला.

चहाच्या वेळी नचिकेत जवळ येऊन म्हणाला, "दादा, जिंकलोच आपण. आता सेकंड हाफला दोन मिनिटं काहीतरी बोलून टाक. वडे मी तळीन, डोन्ट वरी." यतिन हसला. त्याचाही बेत तोच होता.

मग बाजूपालट. आधी मयूरा, आता रूझवेल्टच्या बाजूने.

तिने हातातला कागद घडी करून ठेवून दिला. "मला मनापासून बोलायचंय, नियमच आहे. तर रूझवेल्ट राहू दे. आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण घेते."

"ऑब्जेक्शन!" कुणीतरी ओरडलं. "फक्त वारलेले अध्यक्ष! यतिनदादा हयात आहेत!" हॉल खदखदून हसला. ताईंनी दाखला म्हणून परवानगी दिली.

मयूरा बोलायला लागली. लॉकडाउनमध्ये दादांनी दारोदार औषधं पोचवली. पावसापाण्यात, थंडीत, एकटीच राहणाऱ्या मैथिलीला कळा सुरू झाल्या तेव्हा अँब्युलन्सच्या आधी दादा पोचले. मराठी शाळेच्या शिक्षिका आजारी पडल्या तेव्हा दादांनी स्वतः बाराखडी घेतली, चुकत चुकत. "मी दोनदा नापास झाले तेव्हा माझा नवरासुद्धा म्हणाला, सोड. दादा तसं नाही म्हणाले." तिचा आवाज कापला. मागच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले. यतिनबद्दल असं त्याच्या तोंडावर कुणी कधी बोललं नव्हतं. आप्पांनी हे ऐकायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

"आणि मला सांगा, दादांशिवाय आपलं काय होईल?" मयूरा म्हणाली. "हॉलच्या अलार्मचा कोड त्यांनाच माहीत. काउन्सिलमध्ये कुणाशी बोलायचं, त्यांनाच माहीत. गेल्या वर्षी ते डोंबिवलीला गेले, तर आपण कोजागिरी कुठे केली? पार्किंगमध्ये! दूध गार, आपण गार, आणि चंद्र ढगात. दादांशिवाय आपण या दाराच्या आतसुद्धा येऊ शकत नाही. मग असा माणूस का बदलायचा?"

हॉल टाळ्यांनी दणाणला. कोजागिरीचा तो किस्सा यतिननेही वर्षभर ठिकठिकाणी सांगितला होता, मोठ्या चवीने: मी नव्हतो तर बघा कशी फजिती झाली. आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि त्याला हसू येईना. त्याने मयूराकडे निरखून बघितलं. टोमणा होता का? नव्हता. तिचे डोळे भरलेले होते, ती अगदी मनापासून बोलली होती. टोमणा असता तर त्याने परतवला असता. पण हे कौतुक होतं.

दादा शेजारी असतात तेव्हा येतं. नसतात तेव्हा येत नाही. म्हणजे येत नाहीच.

तो उठला. दोन मिनिटांचं काहीतरी तो पार विसरला होता.

"रूझवेल्टने तिसऱ्यांदा उभं राहायला नको होतं," यतिन म्हणाला, आणि थांबला. "माणूस मोठा होता. मघाशी जे बोललो ते खोटं नव्हतं. पण मघाशी मी म्हणालो, चालत्या गाडीचा ड्रायव्हर बदलतात का. अरे, माझा धंदा काय? मी रोज सकाळपासून तेच करतो. चालत्या गाडीत दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देतो."

हॉलमध्ये हसू आलं, पण थोडंच.

"रूझवेल्टचा उपाध्यक्ष ट्रुमन. रूझवेल्ट गेला तेव्हा ट्रुमनला अणुबॉम्बबद्दल धड सांगितलेलंसुद्धा नव्हतं. एवढी मोठी गाडी, आणि शेजारच्याला काही शिकवलेलंच नाही! का? तर आपण आहोत ना. मी असताना तुला कशाला हवंय? मला कळतं त्याला काय वाटत असेल ते. फार छान वाटतं हो. आपल्यावाचून अडतंय, याच्यासारखं सुख नाही. मला कोजागिरीचा किस्सा सांगताना वाटायचं ना, तसंच. पण माझा विद्यार्थी मी शेजारी असतानाच गाडी चालवत असेल, तर तो नापास नाही. मी नापास."

आता कुणी हसत नव्हतं. नचिकेत खुर्चीत पुढे सरकला, डोळ्यांनी 'बस, बस' म्हणत.

"वॉशिंग्टन घरी गेला, तेव्हा कायद्याने त्याला कुणी घालवलं नव्हतं. लोक थांब म्हणत होते. मला आजपर्यंत वाटायचं, काय मोठंसं केलं, शेतावर तर गेला. आज इथे उभा राहून कळतंय, की हे फार अवघड आहे. फार अवघड आहे." त्याने कपाळ पुसलं. "लोकांपेक्षा कागद मोठा का, असं मी विचारलं. तो कागद लोकांनीच लिहिलाय. शांत डोक्याने, कुणाच्या प्रेमात नसताना. माणूस आवडता झाला की कुणी ब्रेक दाबत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवलाय. सुहासिनीताई, मयूरावर घंटा वाजली. माझ्यावर का नाही वाजवलीत?"

ताईंनी मान खाली घातली.

"तर नचिकेत, पुढच्या रविवारची ती दुरुस्ती मागे घे. मी उभा राहणार नाही." एवढं बोलून यतिन खाली बसला. टाळ्या वाजायला वेळ लागला, कारण हे वादातलं वाक्य आहे की खरं, हेच लोकांना कळेना. पहिली टाळी निहारिकाने वाजवली. मग अनुष्काने बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, आणि त्या दिवशी तिला कुणी रागावलं नाही.

हा काही साधू झाला असं समजू नका. सोमवारी सकाळी यतिन उठला तो पस्तावलेला. आंघोळ करताना म्हणाला, "मूर्ख आहे मी." निहारिका म्हणाली, "हो. चहा ठेवलाय." नचिकेत दोन दिवस बोलला नाही. वार्षिक सभेत 'अध्यक्षपदासाठी कोण?' असं विचारल्यावर इतकी शांतता पसरली, की बाहेरचे मॅगपाय पक्षी ऐकू आले. यतिनची जीभ वळवळली. 'बरं, मीच एक वर्ष बघतो' हे वाक्य ओठांवर आलं होतं, आणि निहारिकाने ते ओळखून त्याचा गुडघा दाबून धरला होता. शेवटी मयूरा उभी राहिली. "मला सगळं येत नाही," ती म्हणाली, "पण अलार्मचा कोड आजपासून चार जणांकडे असेल."

आप्पांना सांगणं सगळ्यांत कठीण गेलं. रविवारी फोन आला. "काय अध्यक्ष!"

"नाही आप्पा. आता नाही." त्याने सगळं सांगितलं.

"काढलं का तुला?"

"नाही. मी सोडलं. नियम होता, दोनदाच."

"आणि बदलत होते तो नियम तुझ्यासाठी?"

"हो."

आप्पांनी घसा खाकरला. "आमच्या नगरपालिकेत चाळीस वर्षं काढली मी. खुर्चीसाठी नियम बदललेले लई बघितले. नियमासाठी खुर्ची सोडलेला एक दाखव म्हणलं तर दाखवता येत नव्हता." मग जरा थांबून, "आता येईल." त्या संध्याकाळी आप्पा कट्ट्यावर गेले आणि त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. त्या दिवशी कुणी विषय बदलला नाही, असं त्यांनी पुढच्या फोनवर कळवलं. पत्रिका शोकेसमध्ये अजून आहे. गणपतीला मात्र त्यांनी पुढे घेतलंय.

मयूराच्या कारकिर्दीतली पहिली वादसभा कडक उन्हाळ्यातल्या एका दुपारी झाली. हॉलचा एसी बंद पडलेला, प्रोजेक्टर उलटं चित्र दाखवत होता, आणि चहाला साखर विसरलेली. पहिल्या रांगेत बसलेल्या यतिनचा उजवा पाय सारखा फरशीवर दाबला जात होता, गाडीत ब्रेकवर जातो तसा. तो उठला नाही. प्रोजेक्टर कुणीतरी सुलट केला.

विषय ट्रुमनचा. कोरियाच्या युद्धात संप होईल म्हणून त्याने पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले, आणि कोर्टाने सांगितलं, तुला हा अधिकार नाही. यतिन ट्रुमनच्या बाजूने. रंगात आला. "ट्रुमन वाकडा नव्हता!" तो म्हणाला. "कोर्टाने परत दे म्हटल्यावर त्याने कारखाने लगेच परत दिले. एवढा बलवान माणूस, हातात फौजा, पण निमूटपणे परत दिले! यात त्याचा मोठेपणा असा की..."

वेळ संपली होती. सुहासिनीताईंचा हात घंटेवर गेला, आणि जुन्या सवयीने तिथेच घुटमळला. यतिन बोलतच होता. मोठेपणाचा दुसरा मुद्दा सुरू झाला, तिसऱ्याची चाहूल लागली. मयूरा उठली, ताईंच्या हातातली घंटा घेतली आणि वाजवली. हळू नाही. आरतीच्या शेवटी वाजवतात तशी, खणखणीत, हॉलभर.

यतिन शब्दाच्या मधोमध थांबला. "दादा, वेळ संपली," मयूरा म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण घंटेवरची मूठ सैल झाली नव्हती.

यतिन खुर्चीकडे गेला, बसला, वाकून बूट काढले, आणि दोन्ही पाय वर घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीत मांडी घालून बसला.

पहिल्या हसल्या सुहासिनीताई. मग हॉलमधल्या एकेका बाईच्या, एकेका बाप्याच्या लक्षात आलं, कारण त्यांतल्या निम्म्या जणांनी ती मांडी एकदा शेजारच्या सीटवर बघितली होती, आणि ज्या टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. निहारिका त्याच्या कानाशी म्हणाली, "पाय खाली सोड, खुर्ची मोडेल."

"मोडू दे," यतिन म्हणाला. त्याचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचं त्याच्या मनातही आलं नाही. "बघितलंस ना? कसा करकचून दाबला! माझी स्टुडंट आहे ती."